डाव्या हाताची चार बोटे

नवे वाद्य हाती घेणाऱ्याची पहिली निराशा बहुधा कानाची नसते. ती बोटांची असते. सूर कोठे आहे हे कानाला कळते, तेथे कसे पोहोचावे हे मनालाही उमगते. करंगळी मात्र हुकूम मानीत नाही. "माझ्या बोटांत बळच नाही," असे म्हणून कित्येक मुले दोन-तीन महिन्यांतच वाद्य कोपऱ्यात उभे करून ठेवतात. काही मुले याच्या उलट करतात. दुखणारा हात अधिक जोराने चालवून ती बळ कमावू पाहतात, आणि एखादे दिवशी तो हात लेखणी धरण्यासही कुरकुर करू लागतो. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही जाणून घेण्याजोगे आहे.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला लागून, जामुल नावाचे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांतून निघणारी मळी येथील सिमेंट कारखान्यात उपयोगी पडते. या कारखान्यांनी अनेक प्रांतांतील कुटुंबे या परिसरात आणली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. त्यांना हा मुलूख अगदीच परका नव्हता, कारण १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्याच १९५६ साली येथून जवळच खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले, आणि त्याच्या प्रारंभीच्या काळात श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या थोर मराठी संगीतज्ञाने कुलगुरुपद भूषविले. अशा परिसरातील एखाद्या मुलाला अथवा मुलीला सतारीऐवजी बेस गिटारची ओढ लागली, तर त्यात नवल ते काय? मात्र त्या वाद्याचा जाणता शिक्षक प्रत्येक गावी भेटेलच असे नाही. मग घरच्यांनीच थोडी माहिती करून घेतलेली बरी.

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य. वाद्यवृंदात गाणारा आणि ताल धरणारा यांना बांधून ठेवण्याचे काम ते करते. चित्रपटसंगीतातून ते आपल्या कानांवरून कित्येकदा गेलेले असते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे बेस गिटार वाजवीत असत. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली विक्रीस आणलेल्या बेस गिटारमुळे हे वाद्य सर्वत्र रूढ झाले. त्यातील तारेची वाजती लांबी ३४ इंच होती, आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात. साध्या गिटारीत ही लांबी सुमारे २५ इंच असते. तार लांब व जाड, म्हणून पडदेही दूरदूर. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे ५ इंच भरते. तेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत सुमारे ४ इंच होते. नवख्याने पहिल्याच दिवशी दांडीच्या टोकाशी, जेथे पडदे सर्वांत दूर असतात, तेथे बोटे ताणू नयेत. पाचव्या पडद्यापासून आरंभ करावा, असे सांगण्याचे कारण हेच.

आता बळाचा प्रश्न. बेसच्या एकेका तारेवर साधारणपणे ४० पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे १८ किलो ताण असतो. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. बोटाला तो सारा ताण पेलावयाचा नसून तार केवळ किंचित वाकवून पडद्याला टेकवावयाची असते. तार दांडीपासून फार उंच असेल, तर ती अधिक वाकवावी लागते आणि श्रम वाढतात. म्हणून नवी वा जुनी गिटार घरी आणल्यावर जाणत्या कारागिराकडून तारांची उंची नीट करून घ्यावी. कित्येकदा ज्याला आपण बोटांचा दुबळेपणा समजतो, तो वाद्याचाच दोष असतो.

दुसरी गोष्ट शरीररचनेची. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. त्या बोगद्यात ९ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू दाटीवाटीने असतात. मनगट फार वाकविले की पकड दुबळी होते आणि त्या मज्जातंतूवर दाबही पडतो. मनगट शक्यतो सरळ ठेवावे, अंगठा दांडीच्या मागे मधल्या बोटासमोर हलकेच टेकवावा, आणि त्याने दांडी आवळू नये. गिटारचा पट्टा अशा बेताने बांधावा की बसले काय अन् उभे राहिले काय, वाद्य एकाच उंचीवर राहील. अनामिका आणि करंगळी यांच्या हालचाली शेजारच्या बोटांशी जन्मतःच जखडलेल्या असतात. त्या हट्टी वाटल्या तर तो आपला दोष मानू नये.

आता प्रत्यक्ष अभ्यास. पहिला पाठ दाबाचा. बोट तारेवर, पडद्याच्या अगदी अलीकडे, केवळ टेकवावे आणि दुसऱ्या हाताने तार छेडावी. बोथट आवाज येईल. मग दाब तिळातिळाने वाढवीत जावा. ज्या क्षणी सूर स्वच्छ निघेल, तितकाच दाब खरा. त्याहून अधिक तो व्यर्थ खर्च.

दुसरा पाठ क्रमाचा. पाचवा, सहावा, सातवा, आठवा या पडद्यांवर तर्जनी, मधले बोट, अनामिका आणि करंगळी अनुक्रमे ठेवावीत. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला एक सूर घ्यावा. पुढचे बोट पडताना मागचे उचलू नये, आणि उतरताना बोटे तारेपासून फार दूर उडू देऊ नयेत. हे साधले की क्रम बदलावा. चार बोटांचे एकूण २४ क्रम होतात. दररोज दोन घेतले तरी बारा दिवसांत एक फेरी पुरी होते. एखादा क्रम अडखळेल, तेव्हा लय वाढविण्याचा मोह टाळावा.

तिसरा पाठ दांडीच्या टोकाचा. तेथे चार पडद्यांवर चार बोटे ताणण्याची सक्ती नाही. बोहेमियात जन्मलेले फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) यांनी उभ्या डबल बेससाठी रूढ केलेल्या पद्धतीत तर्जनी, मधले बोट आणि करंगळी हीच बोटे सूर घेतात; अनामिका करंगळीला आधार देते. हात लहान असेल, तर ही पद्धत बेस गिटारवरही वरदानच ठरते. ३० इंच तारेच्या लहान बेसही मिळतात. बीटल्स वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांची प्रसिद्ध हॉफ्नर बेस त्याच मापाची आहे.

बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या मुठी दाबून बोटे तयार होतील काय? त्याने मूठ बळकट होते. पण वादनात मूठ वळावयाची नसून प्रत्येक बोटाने आपापल्या वेळी चालावयाचे असते. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी तरुणपणी बोटांसाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. त्यांच्या उजव्या हाताला अपाय झाला, आणि पियानोवादक होण्याचे स्वप्न त्यांना सोडावे लागले. अपायाचे नेमके कारण विद्वानांत वादग्रस्त असले, तरी हातावर सक्ती करू पाहणाऱ्याने ही कथा ध्यानी ठेवावी. उलट जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ सालच्या आगीत जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी गिटारवादनात अजोड कीर्ती मिळविली. आपले सतारवादकही मुख्यतः दोनच बोटांनी तार ओढून मींड घेतात.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तंतुवाद्ये वाजविणाऱ्या ९ जणांच्या मेंदूची तपासणी करण्यात आली. डाव्या हाताच्या बोटांच्या संवेदना घेणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांहून विस्तारलेला आढळला. ज्यांनी लहानपणी आरंभ केला, त्यांच्यात तो अधिकच. ज्याला आपण बोटांचे बळ म्हणतो, त्याचा मोठा वाटा असा मेंदूत साठत असतो. तो रोजच्या वीस मिनिटांनी साठतो. रविवारच्या चार तासांनी नव्हे.

आईवडिलांनी एक भेद मात्र अवश्य ओळखावा. बोटांच्या टोकांची आग आणि कोपराखालचा थकवा विश्रांतीने जातो. टोकांना काही आठवड्यांत घट्टेही पडतात. परंतु मनगटात कळ येणे, बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, ही लक्षणे दिसताच वादन थांबवावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. "थोडे सोसावे लागतेच," हा उपदेश येथे घातक आहे.

मुंबईच्या मोहिनी डे (जन्म १९९६) यांनी बेसचे पहिले धडे आपल्या वडिलांकडून घेतले, आणि पुढे ए. आर. रहमान यांच्यासारख्यांना त्यांनी साथ केली. प्रत्येक घरी वादक पिता कोठून असणार? पण सरळ मनगटाकडे लक्ष ठेवणारा, संथ लयीचा कंटाळा न करणारा आणि वेळेवर "आता पुरे" म्हणणारा एक वडीलधारा मनुष्य प्रत्येक घरात असू शकतो. आपल्या घरी कोपऱ्यात एखादी बेस धूळ खात उभी असेल, तर आज तिच्या तारांची उंची पाहा, आणि उद्या पाचव्या पडद्यापासून आरंभ करा.