संगणक-प्रणालीचे खरे मोल

विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची तुलना करताना केवळ खरेदीच्या रकमेवर दृष्टी ठेवणे अपुरे आहे. कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्यांची मुदत संपताच, टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाच्या अभावी विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या कित्येक धडधाकट यंत्रांच्या धन्यांपुढे नव्या खर्चाची तजवीज करण्याचा प्रश्न उभा राहिला. मॅकची प्रणाली २०१३ पासून विनामूल्य मिळते खरी, परंतु तिचे मोल ॲपलच्या यंत्रातच अंतर्भूत असते.

सुरक्षेचा बंदोबस्त मात्र नुसत्या पैशाने होत नाही, असे माझे ठाम मत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरचे दस्तऐवज कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा तो ज्या छिद्रातून विंडोजमध्ये शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसृत केलेली होती. लिनक्सही अभेद्य नव्हे: मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनात पेरलेले चोरदार आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, एसएसएच या दूरस्थ जोडणीच्या प्रवेशास लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अनाकलनीय विलंबावरून सापडले. तथापि मूळ संहिता सर्वांस खुली होती म्हणूनच तो शोध तडीस गेला. आणि म्हणूनच जुन्या यंत्रावर डेबियन ही लिनक्स-प्रणाली बसवावी असा माझा आग्रह आहे, कारण तेथे प्रत्येक आवृत्तीस सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या निःशुल्क मिळतात.