चेहरा नसलेला ‘किंग’

सोळा गाणी. एक आवाज, एक गिटार. ड्रम्स नाहीत, बँड नाही आणि कव्हरवर गायकाचा फोटोसुद्धा नाही! १९६१ साली कोलंबिया रेकॉर्ड्सने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ हा अल्बम काढला, तेव्हा त्यांच्याकडे या ‘किंग’चा फोटोच नव्हता. मग कव्हरवर चित्र आलं: मान खाली घालून गिटार वाजवणारा, वरून दिसणारा एक माणूस आणि त्याची सावली. हा माणूस म्हणजे रॉबर्ट जॉन्सन. अल्बम आला तेव्हा त्याला जाऊन २३ वर्षं झाली होती.

मिसिसिपीचा हा कृष्णवर्णीय कलाकार गावोगाव फिरून वाजवायचा. १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून त्याने फक्त २९ गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं ‘टेराप्लेन ब्लूज’ बऱ्यापैकी चाललं, बस्स! १९३८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कॉन्सर्टसाठी निर्माते जॉन हॅमंड यांना तो हवा होता. पण ऑगस्टमध्येच, २७ व्या वर्षी तो गेला होता. मग स्टेजवर त्याच्या रेकॉर्ड्स वाजवल्या गेल्या.

पुढे याच हॅमंड यांनी अल्बम बाजारात येण्याआधीच त्याची कॉपी नवख्या बॉब डिलनच्या हातात ठेवली. तिकडे इंग्लंडमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्सने ही गाणी पहिल्यांदा ऐकली आणि विचारलं, ‘दुसरा गिटार कोण वाजवतंय?’ दुसरा कुणी नव्हताच! बेसच्या तारा, वरची धून आणि गाणं, सगळं एकटा जॉन्सनच सांभाळत होता. एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ बँडने १९६८ मध्ये ‘क्रॉस रोड ब्लूज’ आपल्या पद्धतीने वाजवलं आणि ते रॉकप्रेमींच्या ओठांवर गेलं.

जॉन्सनची दंतकथा तुमच्याही कानावर आली असेल. मध्यरात्री चौकात त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार वाजवण्याचं कसब मिळवलं म्हणे! स्टोरी भारी आहे, पण ‘क्रॉस रोड ब्लूज’ नीट ऐका. त्यात सैतान येतच नाही. गाण्यातला माणूस चौकात गुडघे टेकून देवाकडे दयेची याचना करतो. अंधार पडत चाललाय आणि त्याच्यासाठी एकही गाडी थांबत नाही. वंशभेदाच्या काळातल्या मिसिसिपीत रात्री अनोळखी रस्त्यावर एकट्या पडलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या जिवाला खरोखरच धोका असायचा. त्याला घाबरायला सैतानाची गरज नव्हती.

तेव्हा हेडफोन्स लावा. जुन्या रेकॉर्डची खरखर सुरुवातीला खटकेल. पण गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा ती खरखर नाही, तो माणूस ऐकू येईल.