मासे महिन्यानं, आधी रोपं

मैत्रिणींनो, काचेच्या टाकीत मासे सोडले की आठवड्यात मरतात, असं आम्ही गटागटांत ऐकतो. बहुतेक वेळा घाई नडते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो माशांनाच विषारी असतो. तो पचवणारे सूक्ष्मजीव वाळूवर वाढायला महिनाभर लागतो. पाण्यातली रोपंही अमोनिया शोषतात. म्हणून रोपं आधी.

20 लिटरची टाकी पुरे. तळाला खत-फवारणी न लागलेली चाळलेली माती 1 इंच, वर धुतलेली वाळू तेवढीच. तळ्यातली हायड्रिला नीट धुऊन त्यात खोचायची. टाकी खिडकीजवळ ठेवा, पण कडक उन्हात नको, शेवाळ माजतं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल तर ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवूनच ओता.

महिन्यानं चार गप्पी सोडा. डासांच्या अळ्या खातात म्हणून हे मासे बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाळलेले असतात, विचारून बघा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. (पोरं दिवसातून दहादा टाकतात, तेवढं सांभाळा!) आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, काढलेलं तुळशीला घाला. पिल्लं भराभर होतात. जास्त झाली तर शेजारणीला द्या, ओढ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या तोंडचा घास जातो.