ट्रिप युनिट नवं, ब्रेकर मात्र जुनाच

"ब्रेकर जुना आहे खरा, पण डिजिटल युनिट बसवून घेतलंय. आता काळजी नाही." चंद्रपूर-गडचिरोलीत विजेच्या पॅनेलजवळ उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. सिमेंट कारखान्यात ते मेंटेनन्सचा फोरमन सांगतो, कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन सांगतो, मूल-सिंदेवाहीकडच्या राइस मिलमध्ये मालक सांगतो. सांगणारे अनुभवी असतात, म्हणूनच त्यांचा शब्द पुढे चालतो. आणि हे वाक्य धोकादायक आहे.

हा प्रश्न आपल्या भागात मोठा का, हे आधी पाहू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातले मोठे सिमेंट कारखानेही १९८०च्या दशकातले. बल्लारपूरच्या पेपर मिलची कंपनी तर १९४५ सालची. ज्या पिढीत हे उद्योग उभे राहिले, त्या पिढीतले एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे एसीबी, दणकट होते. जाड तांबं, भक्कम सांगाडा, सुटे करता येणारे भाग. तीस-चाळीस वर्षांनंतरही असा ब्रेकर भंगारात टाकावासा वाटत नाही, आणि त्याला कारणही आहे. नवा ब्रेकर जुन्या कप्प्यात सहसा बसत नाही, बसबार बदलावे लागतात, शटडाऊन लांबतो. म्हणून जुना सांगाडा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट बसवणं हा उपाय जगभर रूढ आहे. तो योग्यही आहे, फक्त पूर्ण केला तर.

गैरसमज : युनिट बसवलं की जुना ब्रेकर नवा होतो

होत नाही. युनिट ब्रेकर उघडत नाही. ते ब्रेकरला उघडायला सांगतं. उघडायचं काम जुन्या स्प्रिंगने, जुन्या लॅचने आणि जुन्या संपर्कांनीच करायचं असतं.

जुन्या एसीबीत प्रत्येक फेजच्या वाटेतच जाड तांब्याची कॉइल असे. करंट वाढला की तिच्या चुंबकत्वाने लोखंडी आर्मेचर ओढलं जाई, आणि तेलाने भरलेला डॅशपॉट त्या हालचालीला मुद्दाम वेळ लावी. मोटार सुरू होताना क्षणभर वाढणाऱ्या करंटला ब्रेकर पडू नये, म्हणून तो विलंब. काही ब्रेकरमध्ये हे काम बायमेटलच्या पट्टीकडे असे. दोन्ही यंत्रणा कालांतराने भरकटतात. डॅशपॉटचं तेल गळतं किंवा धुळीने चिकट होतं. मग जो ब्रेकर वीस सेकंदांनी पडायला हवा, तो कधी पाच सेकंदांत पडतो आणि कधी पडतच नाही.

नवं युनिट इथेच कामी येतं. करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, प्रत्येक फेजचा करंट मोजतात आणि प्रोसेसर त्याचा हिशेब ठेवतो. ओव्हरलोडला सावकाश, शॉर्ट सर्किटला ठरवलेल्या अल्प विलंबाने, फारच मोठ्या करंटला तत्क्षणी, आणि अर्थ फॉल्टला वेगळ्या सेटिंगने, असा चौपदरी निर्णय ते अचूक घेतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अशी युनिटं वापरात आहेत. त्यांच्या अचूकतेबद्दल वाद नाही.

वाद त्यानंतरच्या अर्ध्या इंचाचा आहे. निर्णय झाल्यावर युनिट एका छोट्या अॅक्च्युएटरला विजेचा ठोका देतं. त्या अॅक्च्युएटरमध्ये कायमचुंबकाने एक दांडी स्प्रिंगच्या विरुद्ध धरून ठेवलेली असते. ठोक्याने चुंबकाची पकड क्षणभर सुटते, दांडी पुढे उसळते आणि ट्रिप बारवर आदळते. बार फिरला की लॅच सुटतो, लॅच सुटला की मोठ्या स्प्रिंग संपर्क फाकवतात. दांडीची चाल काही मिलिमीटरचीच, आणि जोरही बेताचा. ट्रिप बार बोटाने हलेल इतका मोकळा आहे, हे त्या रचनेत गृहीत धरलेलं असतं.

आता चाळीस वर्षांचा लॅच उघडून पाहा. त्याला लावलेलं ग्रीस कधीकाळी मऊ होतं. उष्णतेने त्यातलं तेल उडून गेलं आणि मागे उरला तपकिरी, मेणासारखा थर. त्यात कोळशाची नाहीतर सिमेंटची धूळ मिसळली. नखाने खरवडलं तर त्याची खपली निघते. अशा लॅचवर दांडी आदळते आणि तिथेच थांबते. युनिटच्या पडद्यावर 'ट्रिप' उमटलेलं असतं, ब्रेकर मात्र ऑनच असतो आणि केबल जळत असते. जुन्या कॉइलचं आर्मेचर निदान फॉल्टच्या करंटच्याच बळाने ओढलं जायचं. जितका फॉल्ट मोठा, तितका त्याचा धक्का मोठा. नव्या अॅक्च्युएटरचा धक्का मात्र ठरलेला असतो, फॉल्ट कितीही मोठा असो. म्हणजे नवं युनिट बसवल्यावर यंत्रणा मोकळी असण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढते. हे समजून न घेता वर्षानुवर्षं फक्त युनिटं विकली आणि विकत घेतली जातात, याचा राग येतो.

त्यावर उत्तर येतं, "पण टेस्ट रिपोर्ट आहे ना!" तो रिपोर्ट हातात घेऊन पाहा. बहुतेक वेळा तो सेकंडरी इंजेक्शनचा असतो. टेस्ट किटची पिन युनिटला जोडायची, सीटीकडून येईल तसा लहानसा करंट सोडायचा, युनिट किती सेकंदांत निर्णय घेतं ते छापून घ्यायचं. या चाचणीने युनिट शाबूत आहे एवढंच कळतं. सीटी उलटा जोडलाय का, त्याची वायर सैल आहे का, हे किटला दिसतच नाही. अॅक्च्युएटरची जोडणी आणि लॅचही या चाचणीत अनेकदा वगळलेले असतात.

खरी परीक्षा प्रायमरी इंजेक्शनची. ब्रेकर कप्प्यातून बाहेर काढायचा, त्याच्या पोलांना जाड तांब्याच्या लीड लावायच्या आणि अवघ्या काही व्होल्टवर प्रत्यक्ष हजारो अँपिअर त्यातून वाहू द्यायचे. सेटिंग १,००० अँपिअरचं असेल तर ३,००० सोडायचे आणि ब्रेकर खरोखर उघडेपर्यंतचा वेळ मोजायचा. सीटी, वायर, युनिट, अॅक्च्युएटर, लॅच, संपर्क अशी सगळी साखळी एकदम तपासणारी दुसरी चाचणी नाही. ती महाग पडते, सेट जड असतो, आणि आपल्याकडे तो अनेकदा बाहेरगावाहून मागवावा लागतो. पण म्हणून ती टाळली तर काम अर्धंच झालं.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. वर्षभर ऑन राहिलेल्या ब्रेकरची पहिली ट्रिप सर्वांत मोलाची असते. माणसं काय करतात? ब्रेकर बाहेर काढतात, "जरा मोकळा करू" म्हणून पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करतात, आणि मग मोजमाप घेतात. तोवर सुकलेलं ग्रीस फुटून लॅच सैल झालेला असतो आणि आकडा सुंदर येतो. फॉल्टच्या दिवशी ब्रेकरला सरावाची संधी मिळत नाही. म्हणून पहिल्याच ट्रिपची वेळ लिहून ठेवावी, आणि ती बिघडलेली निघाली तर यंत्रणा पूर्ण खोलून, जुनं ग्रीस धुऊन, निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस भरावं. गंज सोडवणारा स्प्रे मारणं हा उपाय नव्हे. तो उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि काही महिन्यांत लॅच पहिल्यापेक्षा जास्त अडकतो.

याच गैरसमजाचा दुसरा पैलू फॉल्ट तोडण्याच्या क्षमतेचा. ब्रेकर किती किलोअँपिअरचा फॉल्ट सुरक्षित तोडू शकतो, हे त्याचे संपर्क आणि ठिणगी विझवणारे कप्पे, म्हणजे आर्क शूट, ठरवतात. युनिट बदलल्याने तो आकडा एका अँपिअरनेही वाढत नाही. समजा, कारखाना सुरू झाला तेव्हा १,००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर होता. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण भार सुमारे १,३३३ अँपिअर, आणि शॉर्ट सर्किटला तो जास्तीत जास्त सुमारे २७ किलोअँपिअर देईल. ब्रेकरच्या पाटीवर ३५ आहेत, ठीक. पुढे विस्तारात २,००० केव्हीएचा, ६ टक्क्यांचा ट्रान्सफॉर्मर आला. आता फॉल्ट सुमारे ४४ किलोअँपिअर होतो, शिवाय फिरत्या मोटारी त्यात भर घालतात. पाटीवरचे ३५ तसेच आहेत. अशा ब्रेकरला कितीही हुशार युनिट लावा, तो मोठ्या फॉल्टला फुटेल, आणि समोर उभा असलेला माणूस त्यात सापडेल. इथे ब्रेकर बदलणं हाच मार्ग.

अल्प विलंबाचंही तसंच. खालच्या फीडरला आधी पडू द्यावं म्हणून मुख्य ब्रेकरला, म्हणजे इनकमरला, ०.४ सेकंद थांबवता येतं. पण तेवढा वेळ पूर्ण फॉल्ट करंट अंगावर घेण्याची क्षमता जुन्या ब्रेकरला मुळात दिलेली होती का, हे पाहावं लागतं. आयएस/आयईसी ६०९४७-२ या मानकात तिचा वेगळा आकडा असतो. तो नसेल तर ते सेटिंग वापरू नये.

गैरसमज : आता मे महिन्यातही ट्रिप होत नाही, म्हणजे आजार बरा झाला

चंद्रपूरचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर ४६-४७ अंश म्हणजे पॅनेलच्या आत त्याहून जास्त. तापमानाची भरपाई नसलेली बायमेटलची पट्टी त्या उष्णतेनेच अर्धी वाकलेली असते, म्हणून ती कमी करंटला पडते. लोक वैतागतात, इलेक्ट्रॉनिक युनिट बसवतात आणि ट्रिपिंग थांबतं. युनिट फक्त करंट मोजतं, खोलीची उष्णता त्याच्या हिशेबात नसते.

पण तांब्याला ती उष्णता लागतेच. आयएस/आयईसी ६०९४७-१ मध्ये ब्रेकरचं रेटिंग जास्तीत जास्त ४० अंशांच्या हवेसाठी आणि २४ तासांच्या ३५ अंशांच्या सरासरीसाठी गृहीत धरलं आहे. आपला उन्हाळा या दोन्ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे १,६०० अँपिअरचा ब्रेकर मेमध्ये १,६०० अँपिअरचा नसतो. बायमेटल पडत होती तेव्हा ती कटकट वाटायची, पण तिच्यामुळे जोड आणि केबल वाचत होते. युनिट आल्यावर ती राखण करायची जबाबदारी सेटिंग करणाऱ्यावर येते. निर्मात्याच्या तक्त्यातून उन्हाळ्याचं रेटिंग काढा, ओव्हरलोडचं सेटिंग त्यानुसार उतरवा, आणि पॅनेल रूममध्ये हवा खेळती ठेवा.

गैरसमज : अर्थ फॉल्टचं सेटिंग आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे

हा गैरसमज कारखान्याच्या भिंतीबाहेरही माणसं मारतो. १,६०० अँपिअरच्या ब्रेकरवर अर्थ फॉल्टचं सेटिंग २० टक्के ठेवलं तरी ते ३२० अँपिअर होतं. माणसाचा जीव घ्यायला त्याचा हजारावा भागही पुरेसा होतो. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. मोठा ब्रेकर यंत्र, केबल आणि इमारत वाचवतो. शॉकपासून वाचवणं त्याचं काम नाही.

धानाच्या बांधावर रानडुकरांसाठी थेट लाइनवरून जिवंत तार सोडणारेही याच भरवशावर असतात, की "काही झालं तर डीपीचा फ्यूज उडेल." तो उडत नाही. तारेला चिकटलेल्या शरीरातून वाहणारा करंट फ्यूजच्या लेखी नगण्य असतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा तारांनी वाघ मेले आहेत, गुरं मेली आहेत, शेतकरी आणि त्यांच्या घरची माणसं मेली आहेत. मानकाप्रमाणे बनवलेलं झटका मशीन वेगळं असतं. ते सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच ठोका देतं आणि मध्ये सोडतं. थेट लाइन सोडत नाही.

बाकीचे, थोडक्यात

*"सगळी सेटिंग शेवटाला नेऊन ठेवा, उत्पादन थांबणार नाही."* फॉल्ट जितका वेळ राहील तितकी आर्कची ऊर्जा वाढते. पॅनेलसमोरच्या माणसाचं भाजणं सेकंदाच्या अंशांवर ठरतं.

*"ड्राइव्ह बसवल्यापासून ट्रिप होतं, म्हणजे युनिट बिघडलं."* सुरुवातीच्या पिढीची काही युनिटं करंटचं फक्त टोक मोजायची आणि ड्राइव्हमुळे येणाऱ्या हार्मोनिक्सला फसायची. खरं आरएमएस मोजणारं युनिट घ्या.

*"सिंगल फेजचा लोड वाढला की अर्थ फॉल्ट दाखवतं, ते सेटिंग बंद करा."* चार वायरच्या पद्धतीत न्यूट्रलवर सीटी बसवलाय का आणि त्याची पोलॅरिटी बरोबर आहे का, ते आधी पाहा.

*"बॅटरी संपली, संरक्षण गेलं."* बहुतेक युनिटं ट्रिपसाठी लागणारी ऊर्जा सीटीकडूनच घेतात. बॅटरी सहसा पडद्यासाठी आणि नोंदींसाठी असते.

*"कुठलंही किट कुठल्याही ब्रेकरला बसतं."* किट त्या मॉडेलसाठी चाचणी झालेलंच हवं. अमेरिकेतलं आयईईई सी३७.५९ हे मानक अशाच रूपांतरांसाठी आहे. विक्रेत्याकडे चाचणीचा पुरावा मागा.

*"आर्क शूटला कॉम्प्रेसरची हवा मारा."* जुन्या आर्क शूटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, घासू नका.

*"ब्रेकर ऑफ आहे, हात घाला."* चार्ज झालेली स्प्रिंग बोटं तोडते. आधी ब्रेकर बाहेर काढा, क्लोजिंग आणि ओपनिंग अशा दोन्ही स्प्रिंग सोडवा, कुलूप आणि टॅग लावा, मगच हात लावा.

काम देताना काय मागावं

हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि ऑर्डरमध्येच पाच गोष्टी लिहा : आजच्या ट्रान्सफॉर्मरवर काढलेला फॉल्टचा आकडा आणि ब्रेकरच्या पाटीशी त्याची तुलना, काहीही न हलवता घेतलेली पहिल्या ट्रिपची वेळ, यंत्रणा खोलून केलेली सफाई आणि ग्रीस, संपर्कांचा मायक्रोओहममधला रोध आणि मेगरने मोजलेल्या इन्सुलेशनची नोंद, आणि शेवटी तिन्ही फेजवर प्रायमरी इंजेक्शन, सेटिंगच्या नोंदीसह. यातलं पहिलंच जुळलं नाही तर पुढचा खर्च करू नका, ब्रेकर बदला. आणि पाचवं होईपर्यंत युनिटच्या पडद्यावर काहीही दिसो, तो ब्रेकर लोडवर घेऊ नका.