बँडचा नंबर कोण ठरवतो? जठरावरच्या पट्ट्याचं माप आणि त्यामागचं गणित

आज मी तुमच्याशी रायपूरच्या तेलीबांध्यातून बोलतोय. इथल्या तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. सकाळी चालायला आलेल्यांची गर्दी असते, आणि चालणाऱ्यांचा आवडता विषय अर्थातच वजन.

गेल्या आठवड्यात तिथेच एका ताईंनी मला थांबवलं. वय बेचाळीस, उंची १६० सेंटिमीटर, वजन १०० किलो, सात वर्षांपासून मधुमेह. म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या जाऊबाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईला पोटात बँड बसवून घेतला. त्यांना लहान साइजचा बसला होता. मलाही तोच हवाय. त्याहून लहान मिळाला तर आणखी चांगलं. जितका लहान तितकं वजन लवकर उतरेल ना?"

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, म्हणून आजचा भाग त्यावरच. उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. बँडचं माप लहान असलं म्हणून वजन जास्त उतरत नाही. का, ते आता बघू.

बँड म्हणजे नेमकं काय?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या जरा खाली जठराभोवती सिलिकॉनचा एक पट्टा गुंडाळतात. हा गॅस्ट्रिक बँड. त्यामुळे जठराचे दोन भाग होतात. वरती एक छोटीशी पिशवी तयार होते, साधारण १५ ते २० मिलिलिटरची, म्हणजे तीन-चार चमचे. खाली उरलेलं मोठं जठर. जेवण आधी वरच्या पिशवीत येतं आणि पट्ट्याच्या अरुंद वाटेने हळूहळू खाली उतरतं. थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटतं.

या पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो. फुग्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. कातडीवरून खास सुई टोचून पोर्टमध्ये सलाईन भरलं की आतला फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. सलाईन काढलं की वाट मोकळी होते. इथे जठर कापत नाहीत, आतडी जोडत नाहीत. या गोष्टीमुळेच हा बँड एके काळी फार लोकप्रिय झाला. १९८० च्या दशकात असे सैल-घट्ट करता येणारे पट्टे आले. १९९३ साली बेल्जियममध्ये डॉ. मितिकु बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवून दाखवला. २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लॅप-बँडला मान्यता दिली.

मापाचे आकडे काय सांगतात?

लॅप-बँडची सुरुवातीची मापं होती ९.७५ आणि १० सेंटिमीटर. पुढे ११ सेंटिमीटरचा आला. हे आकडे पट्ट्याच्या आतल्या घेराचे. नंतर एपी नावाची मालिका निघाली, तिच्यात दोनच मापं: स्टँडर्ड आणि लार्ज. स्टँडर्डमध्ये साधारण १० मिलिलिटरपर्यंत सलाईन मावतं, लार्जमध्ये १४ पर्यंत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या ९.७५ आणि १० च्या पट्ट्यांत जेमतेम ४ मिलिलिटर मावायचं. त्यामुळे "माझ्यात चार भरलंय, तिच्यात सात भरलंय" अशी तुलना दोन माणसांत करायचीच नाही. एकाच्या पट्ट्यात चार म्हणजे काठोकाठ, तर दुसऱ्याच्या पट्ट्यात चार म्हणजे अर्धासुद्धा नाही.

मग माप ठरतं कसं?

कासाराकडे बांगड्या भरायला गेलात तर तो तुमचं वजन विचारत नाही. हात हातात घेतो, अंगठ्याखालचा भाग दाबून बघतो आणि मग बांगडी काढतो. कारण बांगडी अडते ती त्या जागी. बँडचंही तसंच आहे. पट्टा जिथे बसायचा, तिथे जठराच्या भिंतीभोवती किती चरबी आहे, ऊती किती जाड आहेत, यावर माप ठरतं. ते बाहेरून नक्की कळत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, दुर्बीण आत गेल्यावरच कळतं.

अंदाज मात्र आधी बांधता येतो. ज्यांची चरबी पोटात साठते, विशेषतः पुरुष, त्यांच्या जठराच्या वरच्या टोकाशी चरबीची जाड गादी असते. त्यांना बहुधा मोठा पट्टा लागतो. नितंब-मांड्यांत चरबी असलेल्या स्त्रीला त्याच वजनात लहान पट्टा पुरू शकतो. म्हणजे १०० किलोच्या दोन माणसांना दोन वेगळी मापं लागू शकतात.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची. सुरुवातीला पट्टा अगदी जठराला चिकटून बसवत, त्यात थोडीच चरबी यायची. पण त्या पद्धतीत पट्टा घसरण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून पुढे सर्जन जठरालगतची चरबीही पट्ट्याच्या आत घेऊ लागले. आत जास्त ऐवज आला, म्हणून मोठे पट्टे लागू लागले.

माप चुकलं तर? लहान पट्टा जाड ऊतींवर बसवला, तर सलाईन न भरताच तो घट्ट होतो. शस्त्रक्रियेनंतर सूज येते आणि पाणीच काय, थुंकीसुद्धा खाली उतरत नाही. मोठा पट्टा बारीक ऊतींवर बसवला, तर तो आवळायला बरंच सलाईन भरावं लागतं आणि ताबा नीट येत नाही. पण यातली पहिली चूक रुग्णाला जास्त त्रास देते. म्हणून शंका असेल तेव्हा सर्जन सहसा मोठ्याकडे झुकतो.

वजन उतरवतं ते माप नव्हे, भरणं

पट्टा बसवताना फुगा बहुतेक रिकामाच ठेवतात. पहिलं भरणं साधारण चार ते सहा आठवड्यांनी. मग थोडं थोडं भरत, रुग्णाला विचारत पुढे जायचं. सर्जन मंडळी याला सिग्नलच्या रंगांनी ओळखतात.

- पिवळा: दोन जेवणांच्या मध्ये भूक लागते, ताटभर जेवण जातं. अजून भरायला हवं.
- हिरवा: वाटीभर जेवणात समाधान होतं आणि काही तास टिकतं. हेच हवं.
- लाल: घास अडकतो, उलटी होते, छातीत जळजळ, रात्री झोपेत खोकला. जास्त घट्ट झालंय, सलाईन काढायला हवं.

लाल रंगात एक फसवी गोष्ट घडते. पोळी, भाकरी, चिकट भात, चिकन अडकतं, म्हणून माणूस जे सहज उतरतं तेच खायला लागतो. आइस्क्रीम, श्रीखंड, सरबत, साखरेचा चहा. यातलं काहीच पट्टा अडवत नाही. त्रासही होतो आणि वजनही वाढतं! छत्तीसगड हा तर भाताचा प्रदेश. इथल्या घरात भात अडकायला लागला की माणसाचं सगळं जेवणच बदलतं.

आता व्यवहाराची बाजू बघा. पहिल्या वर्षात भरण्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. मुंबईला बँड बसवला आणि राहायला रायपूरला, तर प्रत्येक वेळी हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. नागपूर धरलं तरी तीनशेच्या आसपास. म्हणून मापाआधी विचारायचा प्रश्न असा: माझा बँड पुढची दहा वर्षं कोण भरणार?

आज बँड कितपत लावतात?

खरं सांगायचं तर फार कमी. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३ साली बँड बसवून घेतला, त्याची जगभर बातमी झाली. पण तोवर उतरण सुरू झाली होती. अमेरिकेत २०११ साली वजनाच्या शस्त्रक्रियांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँडच्या होत्या. २०१९ पर्यंत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. कारणं दोन. बऱ्याच जणांना पट्टा घसरणं, वरची पिशवी फुगणं, पट्टा जठराच्या भिंतीत घुसणं, नळी किंवा पोर्ट बिघडणं यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आणि स्लीव्ह किंवा बायपासने वजन जास्त उतरतं, मधुमेहावरही जास्त फरक पडतो.

आपल्याकडेही आज मुख्य शस्त्रक्रिया या दोनच. इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर २०१७ साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात झाली ती स्लीव्हच. तिच्यातही मापाचा प्रश्न असतोच. जठरात एक नळी घालून तिच्या कडेने जठर कापतात. ती नळी साधारण ३२ ते ४० फ्रेंच मापाची. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे ३६ ची नळी १२ मिलिमीटर जाड. इथेही "सगळ्यात बारीक द्या" म्हणायचं नाही. नळी फार बारीक घेतली तर जठर अरुंद होण्याचा आणि टाक्यातून गळतीचा धोका वाढतो.

ताईंचं गणित

१०० किलोला उंचीच्या वर्गाने, म्हणजे १.६ गुणिले १.६ ने भागलं. बीएमआय आला ३९. २५ बीएमआयसाठी त्यांचं वजन ६४ किलो हवं, म्हणजे ३६ किलो जादा. बँडने चांगला निकाल लागला तर जादा वजनाचा साधारण निम्मा भाग उतरतो: १८ किलो. म्हणजे वजन ८२, बीएमआय ३२. मधुमेह असलेल्या माणसाने हे गणित आधी मांडून बघावं आणि मग इतर शस्त्रक्रियांशी तुलना करावी.

विम्याचंही बघा. आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर अशी शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह त्या आजारांत आहे. शिवाय साधे उपाय करून उपयोग झाला नाही, याची नोंद लागते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, साखरेचे रिपोर्ट जपून ठेवा.

आणि जाऊबाई?

हे सगळं सांगून झाल्यावर मी सहज विचारलं, "जाऊबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. वजन थोडं परत आलंय. भात अडकतो, आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होते, रात्री खोकतात. पण ते तर बँडचं कामच ना?"

नाही, मंडळी. उलटी हे बँडचं काम नाही. ही सगळी लाल रंगाची लक्षणं आहेत. रात्रीच्या खोकल्याचा अर्थ अन्न वर येऊन श्वासनलिकेकडे जातंय असा असू शकतो. पट्टा घसरलेला असू शकतो, वरची पिशवी फुगलेली असू शकते. अशा वेळी सहसा आधी सलाईन काढतात, मग औषध पाजून एक्स-रे काढतात आणि पट्टा जागेवर आहे का बघतात. गरज पडली तर बँड काढून टाकता येतो.

घरात कुणाला बँड असेल तर एवढं करा:

- बँडची कंपनी, माप आणि आत किती सलाईन आहे, हे कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. लॅप-बँडची मालकी आजवर अनेकदा बदलली आहे, जुनी माहिती नंतर शोधणं अवघड जातं.
- पाणीही उतरत नसेल, पोटात जोराची कळ असेल, उलटी थांबत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- पोर्टची जागा लाल झाली किंवा अचानक कितीही जेवण जायला लागलं, तर दाखवा. पट्टा जठरात घुसल्याची ही खूण असू शकते.
- गरोदरपणात किंवा मोठ्या आजारात सलाईन कमी करावं लागतं का, हे सर्जनला विचारा.
- पोर्टमध्ये साधी सुई कुणालाही टोचू देऊ नका.

ताई लहान बँड मागायला आल्या होत्या. जाताना त्यांनी जाऊबाईंना फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला: "तुमचं ते कार्ड कुठे आहे?"

तुमच्याही घरात असं कार्ड असेल, तर आजच शोधा. पुढच्या भागात स्लीव्हनंतरचं पहिल्या महिन्याचं जेवण बघू. काळजी घ्या, नमस्कार.