ज्येष्ठ गायकाची कर्नाटक संगीत मैफल : काय ऐकावे, कसे ऐकावे

वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला गायक मैफलीस बसला की, श्रोत्याच्या मनात प्रथम आवाजाचा विचार येतो. तार षड्ज लागेल काय, दम पुरेल काय, पूर्वीचा वेग राहिला असेल काय, अशा शंका घेऊनच तो सभागृहात शिरतो. आदरापोटी तो शेवटपर्यंत बसतो खरा. परंतु प्रत्यक्ष कानांवर पडणाऱ्या गाण्यापेक्षा जुन्या आठवणींवरच त्याची भिस्त अधिक असते. दक्षिण भारतातील कर्नाटक संगीताच्या मैफलीस अशा वेळी गेल्यास मात्र एक वेगळा अनुभव येतो. तेथील मैफलीची घडणच अशी आहे की, आवाज ओसरल्यानंतरही गायकाजवळील सर्वांत मोलाची पुंजी श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकते. ही पुंजी कोणती आणि ती पोहोचते कशी, हे समजून घेतल्यास त्या संगीताचा आस्वाद घेणे सोपे होईल. शिवाय आपल्या भागातील वृद्ध कलावंतांकडे पाहण्याची एक नवी दृष्टीही लाभेल.

सेम्मंगुडींचे उदाहरण

या संदर्भात सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (१९०८-२००३) यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. तंजावर परिसरातील तिरुक्कोडिकावल येथे त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या संगीत अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा बहुमान त्यांना १९४७ साली, म्हणजे वयाच्या चाळिशीच्या आतच मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. वयाच्या नव्वदीतही ते गात होते आणि त्यांना ऐकण्यासाठी रसिक गर्दी करीत होते.

विशेष म्हणजे सेम्मंगुडींना उपजत गोड गळा लाभला नव्हता. त्यांचा आवाज काहीसा चोंदल्यासारखा आणि खरबरीत होता. गाण्याऐवजी वाद्याकडे वळावे, असा सल्ला त्यांना लहानपणी मिळाला होता, असे सांगतात. त्यांनी तो मानला नाही. अविरत साधनेने त्यांनी तोच आवाज कामास लावला. ज्याची थोरवी तारुण्यातही गळ्याच्या गोडव्यावर उभी नव्हती, त्याला वार्धक्याने तितकेसे लुटले नाही, ही गोष्ट सूचक आहे. गळा ही त्यांच्या दृष्टीने बुद्धीच्या हातातील साधनसामग्री होती. साधन झिजले तरी ते वापरणारी बुद्धी शाबूत होती.

मंचावरील मांडणी

कर्नाटक मैफलीत गायक मध्यभागी बसतो. श्रोत्यांकडून पाहिल्यास त्याच्या एका बाजूस व्हायोलिनवादक व दुसऱ्या बाजूस मृदंगवादक असतो. घटम्, खंजिरा अथवा मोर्सिंग यांपैकी एखादे वाद्यही बरेचदा साथीला असते. व्हायोलिन हे मूळचे पाश्चात्त्य वाद्य. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले, असे मानले जाते. दक्षिणेत वादक जमिनीवर मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. त्यामुळे डाव्या हाताला मोकळेपणा मिळतो आणि गमक, म्हणजे स्वराला दिलेला डौलदार आंदोल, गळ्याप्रमाणे काढता येतो.

ज्येष्ठ गायकाच्या मागे तंबोऱ्याजवळ त्याचे एक-दोन शिष्य बसलेले दिसतात. गुरूने स्वर सोडला की शिष्य तो उचलून धरतो. गुरूला श्वास घेण्यास उसंत मिळते आणि गाण्याचा धागा तुटत नाही. शिष्याची मात्र येथे मोठी परीक्षा असते. फार पुढे गेल्यास अमर्याद होते, मागे राहिल्यास साथ निरुपयोगी ठरते. गुरू कोठे थांबणार, हे त्याला आधीच ओळखावे लागते. वर्षानुवर्षे गुरूच्या सहवासात राहिल्याशिवाय ही जाण येत नाही. म्हणूनच अशा मैफलीत श्रोत्यांसमोर एकाच वेळी गायन आणि शिक्षण अशा दोन्ही गोष्टी घडत असतात.

मैफलीचा क्रम

आज सर्वत्र दिसणारा मैफलीचा क्रम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०-१९६७) यांनी रूढ केला, असे मानले जाते. नवख्या श्रोत्याने तो ध्यानात ठेवल्यास अडीच-तीन तासांच्या मैफलीत तो गोंधळून जाणार नाही.

आरंभी बहुधा ‘वर्णम्’ गातात. यात रागाचे स्वरूप आणि स्वरांचे अभ्यासपाठ नेमके बांधलेले असतात; गळा तापविण्यास ही रचना उपयोगी पडते. त्यानंतर गणेशस्तुतीची किंवा अन्य एखादी लहान कृती होते. ‘कृती’ म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम् अशा तीन अंगांची बांधीव रचना. पुढे काही कृती मध्यम लयीत गाऊन झाल्या की गायक मुख्य रागाकडे वळतो. प्रथम तालाशिवाय रागाची आलापना होते. गायकानंतर व्हायोलिनवादक त्याच रागाचे आपल्या परीने चित्र रेखाटतो. मग कृती सुरू होते. तिच्यातील एखादी ओळ निवडून, तिचे शब्द व तालातील जागा न मोडता ती निरनिराळ्या स्वराकृतींत फिरवली जाते. यास ‘निरवल’ म्हणतात. त्यानंतर ‘कल्पनास्वर’, म्हणजे सरगम रचत जाऊन ठरलेल्या शब्दावर अचूक परतणे, हा भाग येतो. शेवटी मृदंग व अन्य तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, म्हणजे ‘तनी आवर्तनम्’ होते. काही मैफलींत याच जागी ‘रागम्-तानम्-पल्लवी’ हा विस्तृत प्रकार घेतात. त्यानंतर पदम्, जावळी, तिल्लाना, भजन अशा हलक्या रचना होऊन मंगलम् गायले जाते.

महाराष्ट्रातील श्रोत्यास यातील कित्येक राग परके वाटणार नाहीत. कल्याणी हा आपल्या यमनचा, मोहनम् हा भूपाचा आणि हिंदोळम् हा मालकंसाचा दक्षिणी सगासोयरा होय. मात्र स्वर तेच असले तरी गमकांमुळे त्यांची चाल बदलते. त्यामुळे नावांची जुळणी शोधत न बसता स्वर कसा हलतो, याकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते.

ज्येष्ठत्व कोठे ऐकू येते?

वरील क्रमातच वृद्ध गायकाला मिळणाऱ्या आधाराचे रहस्य आहे. संपूर्ण मैफलीचा भार एका गळ्यावर पडत नाही. आलापनेचा अर्धा वाटा व्हायोलिन उचलते, तनी आवर्तनाच्या वेळी गायकाला विसावा मिळतो आणि बांधीव कृतींमुळे प्रत्येक क्षणी नवनिर्मितीचा ताण राहत नाही. आधारस्वर खाली उतरवता येतो. ध्वनिक्षेपक आल्यापासून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकण्याची गरजही उरलेली नाही.

मग गायकाकडे शिल्लक काय राहते? राहतो तो निवडीचा अधिकार, आणि तोच ऐकण्यासारखा असतो. पहिली निवड लयीची. कृती कोणत्या गतीत घ्यावी, याला दक्षिणेत ‘कालप्रमाण’ म्हणतात. एकदा धरलेली गती शेवटपर्यंत न ढळू देणे हे परिपक्वतेचे लक्षण मानले जाते. दुसरी निवड शब्दांची. निरवलासाठी कोणती ओळ घ्यावी, यावरून गायकाने कृतीचा अर्थ कितपत जाणला आहे, हे कळते. तिसरी निवड वगळण्याची. तरुण गायक रागाच्या सर्व वाटा दाखविण्याच्या उत्साहात असतो. वृद्ध गायक दोन-तीन स्वरसंगतींत राग उभा करतो आणि थांबतो. त्या दोन-तीन जागा कोणत्या, हे ठरविण्यासाठी सारे आयुष्य खर्ची पडलेले असते.

चौथी गोष्ट ‘पाठांतरम्’. कृतीचा जो पाठ गुरुमुखातून आला, त्याला तेथे हे नाव आहे. सेम्मंगुडींनी ज्यांच्याकडे शिक्षण घेतले, त्यांत त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील उमयाळपुरम् स्वामीनाथ अय्यर होते, महाराजपुरम् विश्वनाथ अय्यर होते आणि गोट्टुवाद्याचे विख्यात वादक तिरुविडैमरुदूर सखाराम राव हेही होते. स्वरलिपीत लिहून ठेवलेल्या कृतीत स्वर सापडतात; दोन स्वरांमधील प्रवास मात्र कागदावर पुरता उतरत नाही. तो एका कंठातून दुसऱ्या कंठात जातो. ऐंशी वर्षांचा गायक मंचावर बसतो, तेव्हा त्याच्या मागील दोन-तीन पिढ्यांचा हा प्रवास श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकू येतो. तो पुढे दिला गेला नाही, तर त्या व्यक्तीबरोबरच संपतो.

श्रोत्यांचा हात

या मैफलीचा आणखी एक भागीदार म्हणजे श्रोता. दक्षिणेतील सभागृहात अनेक श्रोते मांडीवर हाताने ताल धरताना दिसतात. आठ मात्रांच्या आदितालात एक टाळी, मग करंगळीपासून क्रमाने तीन बोटे, त्यानंतर टाळी व उलटा हात, पुन्हा टाळी व उलटा हात, अशी मोजणी होते. ही कृती पाच मिनिटांत शिकता येते आणि तिच्यामुळे ऐकणे पार पालटते. कल्पनास्वरांची गुंतागुंतीची मालिका नेमक्या मात्रेवर परतते, तेव्हा ताल धरणाऱ्याला तो आनंद स्वतः मिळविल्यासारखा वाटतो. गायकालाही समोरच्या हातांवरून कळते की, आपण एकटे नाही. थकलेल्या गायकाला याहून मोठा आधार कोणता असणार?

महाराष्ट्राचे जुने नाते

हे संगीत आपल्यापासून दूर आहे, असे मानण्याचे कारण नाही. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात स्थापन केलेली मराठी सत्ता १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात कावेरीच्या खोऱ्यात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या चार भाषा एकत्र नांदल्या. तंजावरचे राजे पहिले तुळजाजी यांनी ‘संगीत सारामृत’ हा संगीतशास्त्रावरील ग्रंथ रचला. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती मानले जाणारे श्यामा शास्त्री (१७६२-१८२७), त्यागराज (१७६७-१८४७) आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही याच राज्यातील तिरुवारूर येथे जन्मले. मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तेथील हरिकथेला नवे रूप आले आणि साकी, दिंडी, अभंग हे प्रकार तिच्यात रुजले. अलीकडे कर्नाटक मैफलीच्या उत्तरार्धात अभंग ऐकू येतो, त्यामागे हा इतिहास आहे.

उलट दिशेनेही देवघेव झाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला. व्यंकटमखींच्या ७२ मेळांच्या पद्धतीचा अभ्यास त्यांना दहा थाटांच्या मांडणीसाठी उपयोगी पडला. दक्षिणेतील हंसध्वनी राग मुंबईत बहरलेल्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्यामुळे हिंदुस्थानी संगीतात लोकप्रिय झाला. मुंबईतील दक्षिण भारतीय रसिकांनी १९५२ मध्ये षण्मुखानंद सभेची स्थापना केली आणि १९६३ मध्ये शीव परिसरात तिचे भव्य सभागृह उभे राहिले. १९९० च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. तरीही नव्याने उभारलेले सभागृह १९९८ मध्ये पुन्हा खुले झाले. कर्नाटक संगीत ऐकण्यासाठी महाराष्ट्रातील रसिकाला राज्याबाहेर जाण्याची गरज नाही.

आपल्या गावात काय करता येईल?

या सर्व विवेचनाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. जवळपास प्रत्येक तालुक्यात एखादे वृद्ध कीर्तनकार, शाहीर, भजनी, गोंधळी अथवा सनईवादक असतात. राज्यात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना अनेक दशकांपासून राबविली जाते आणि पात्र कलावंतांपर्यंत ती पोहोचविण्यात पंचायत सदस्यांचा व कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा असतो. परंतु मानधनाने चूल पेटते. श्रोता मिळत नाही. सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन त्यांना खुर्चीवर बसवले जाते, भाषणे होतात आणि ज्या विद्येसाठी सत्कार झाला, ती विद्या मात्र कोणी ऐकतच नाही.

येथे दक्षिणेतील मैफलीचा आदर्श उपयोगी पडेल. वृद्ध कलावंताला एकट्याला मंचावर बसवू नये. सोबत साथीदार आणि शिकणारी दोन मुले द्यावीत. आवाज थकला तर ती ओळ मुलांनी उचलावी. कार्यक्रम छोटा ठेवावा, पण वर्षातून एकदा न करता काही महिन्यांच्या अंतराने करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आधी ताल धरण्यास शिकवावे, म्हणजे ती मुले केवळ बसून राहणार नाहीत, ऐकू लागतील. आज ध्वनिमुद्रण करणे कोणत्याही शाळेच्या आवाक्यात आहे. रचनेचे नाव, ती कोणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी गात असत, ही माहिती कलावंताच्याच तोंडून नोंदवून घ्यावी.

सेम्मंगुडींचा आवाज २००३ साली थांबला. त्यांनी गायिलेल्या कृतींचे पाठ मात्र शिष्यांच्या आणि प्रशिष्यांच्या गळ्यात आजही ऐकू येतात. कारण ते गात होते तेव्हा मागे बसून उचलणारे आणि समोर बसून ताल धरणारे लोक होते. आपल्या गावातील वृद्ध कलावंताच्या बाबतीत तेवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वेळेवर जाऊन बसण्याची आणि लक्षपूर्वक ऐकण्याची तयारी असली म्हणजे पुरे.