तुतीवरील दोन पिठ्या ढेकूण

म्हैसूर परिसरातील तुतीवर ‘तुक्रा’ विकृती जुनीच. पाने आखडून शेंडा गोळा झाला की रेशीम उत्पादक पिठ्या ढेकणाला दोष देतात. मात्र हे एका किडीचे नाव नव्हे. त्या कुलात अनेक जाती आहेत. तुक्रा घडविणारा गुलाबी पिठ्या ढेकूण म्हणजे मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. २००८ मध्ये कोइम्बतूर येथे भारतात प्रथम आढळलेला व पुढे तुतीवरही पसरलेला पपईवरील पिठ्या ढेकूण म्हणजे पॅराकोकस मार्जिनॅटस. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजाती सांगतो, दुसरा जाती. येथे प्रजातीच भिन्न. वरवर पाहता दोन्ही पांढरा कापूसच! परंतु पपईवरील ढेकूण मद्यार्कात ठेवल्यास निळसर काळा पडतो.

नेमकी जाती ठरल्यामुळेच तिचा शत्रू शोधता आला. ॲसेरोफॅगस पपाये ही सूक्ष्म परोपजीवी माशी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडण्यात आली व प्रादुर्भाव ओसरला. गुलाबी ढेकणावर मात्र ती निरुपयोगी. तेथे क्रिप्टोलिमस हा परभक्षी भुंगेरा उपयोगी पडतो. म्हणून प्रयोगशाळेकडे नमुना पाठविताना केवळ ‘पिठ्या ढेकूण’ न लिहिता पीक, झाडाचा बाधित भाग व स्थळ नोंदवावे आणि काही पूर्ण वाढलेल्या माद्या मद्यार्कात बुडवून द्याव्यात.